टॅब गेमिंगसाठी घ्यायचाय? आधी वजन बघा

प्रश्न : दादा नमस्कार. मी अकरावीला आहे, विश्रामबागला राहतो. बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, गोळीबाराचा गेम) खेळतो, फोनचा स्क्रीन बारका पडतो म्हणून टॅब घ्यायचाय. पप्पांनी पंचवीस हजारापर्यंत हो म्हटलंय, पण अभ्यासाच्या पीडीएफ पण त्याच्यावरच वाचायच्या ही अट आहे. दुकानदार म्हणतो ११ इंचीच घे, मित्र म्हणतो ८ इंची बरा. मी जायरोवर (म्हणजे स्क्रीन हलवून नेम धरत) खेळतो आणि शक्यतो पलंगावर लोळत. काय घेऊ?
– एक वाचक, सांगली

उत्तर : भावा, जायरो आणि लोळत, या दोन गोष्टी तू शेवटी सांगितल्यास पण सगळं त्यांच्यावरच आहे. जायरोवर खेळणारा माणूस टॅब टेबलावर ठेवूच शकत नाही, तो हातात धरून सारखा हलवायचा असतो, म्हणजे पूर्ण वजन मनगटावर. ११ इंची टॅब साधारण ४८० ते ५०० ग्रॅमचा येतो, वर कव्हर वेगळं. घरात चितळ्यांची अर्ध्या लिटरची पिशवी असेल ना, ती दोन्ही हातांनी तोंडासमोर धरून वीस मिनिटं आडवा पडून बघ, आई काय म्हणायचं ते म्हणू दे. शाओमी पॅड ६ घे उदाहरणाला, ११ इंची, ४९० ग्रॅम, प्रोसेसर स्नॅपड्रॅगन ८७०, १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) स्क्रीन, गेमिंगला एकदम दणकट, पण लांबीच जवळपास २५ सेंटीमीटर त्यामुळं दोन अंगठ्यांनी खेळणाऱ्याचे अंगठे मधल्या बटनांपर्यंत पोचत नाहीत, कंट्रोल सगळे कडेला ओढून घ्यावे लागतात. स्टँडला टेकवून चार बोटांनी (त्याला क्लॉ म्हणतात) खेळणाऱ्यासाठी मात्र तोच भारी, जायरो बंद ठेवायचा फक्त.

दुसऱ्या बाजूला गॅलॅक्सी टॅब ए९, ८.७ इंची आणि ३३२ ग्रॅम. हातात मस्त बसतो, पण प्रोसेसर हेलिओ जी९९ आणि स्क्रीन ६० हर्ट्झ, म्हणजे ग्राफिक्स हलक्या ‘स्मूथ’ सेटिंगवर ठेवून खेळ, सेकंदाला नव्वद फ्रेमची स्वप्नं बघू नको. लहान आणि ताकदवान दोन्ही पाहिजे तर आयपॅड मिनी आहे, ८.३ इंची, २९३ ग्रॅम, शिवाय स्क्रीन जरा चौकोनी असल्यामुळं पोरं ज्याला आयपॅड व्ह्यू म्हणतात तो मिळतो, वरखाली जास्त दिसतं. पण नवा पंचवीस हजारात बसत नाही, पप्पांना उगाच भरीला घालू नको.

तुझ्यासारख्याला मी आठ-नऊ इंचाच्या आसपासचाच सांगेन, रॅम कमीत कमी ६ जीबी, ८ मिळाली तर सोडू नको. ए९ मध्ये ४ जीबीवाला पण येतो, तो नको, डबा नीट वाचून घे. पीडीएफ वाचायला ११ इंची बरा हे खरंय, पण ८.७ वर आडवा धरून वाचता येतं, अडत नाही.

आणि एक, हे कुणी सांगत नाही. स्वस्तातल्या काही टॅबमध्ये जायरोस्कोप नसतोच, फक्त ॲक्सेलेरोमीटर असतो. स्क्रीन आडवा-उभा फिरतो त्याच्यावर, म्हणून दुकानात वाटतं की जायरो आहे. मग घरी येऊन सेटिंगमध्ये जायरो ऑन केलं तरी गेममधला नेम हलत नाही. स्पेसिफिकेशनमध्ये ‘जायरो’ हा शब्द बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

प्रश्न : मुलासाठी टॅब बघतेय. डब्यावर ‘८+८ जीबी रॅम’ लिहिलंय आणि दुकानदार सोळा जीबी आहे म्हणतोय. खरं का?
– एक आई, मिरज

उत्तर : नाही हो ताई, रॅम आठच. पुढचे आठ जीबी स्टोरेजमधून उसने घेतलेले असतात आणि स्टोरेज रॅमपेक्षा कितीतरी संथ असतं. मागं उघडी राहिलेली ॲप जरा जास्त वेळ टिकतात एवढाच उपयोग, गेमला त्यानं वेग येत नाही, उलट साठवायची जागा तेवढी कमी होते. त्यापेक्षा स्टोरेज कुठल्या जातीचं आहे ते विचारा, ईएमएमसी की यूएफएस. यूएफएस असेल तर गेम पटकन उघडतो, ईएमएमसीवर मॅच लोड होईपर्यंत बाकीचे विमानातून उड्या मारून मोकळे झालेले असतात आणि मग मुलगा तुमच्या वायफायला शिव्या घालतो. ६४ जीबीवाला घेऊ नका, सिस्टीमच त्यातली बरीच जागा खाते आणि गेनशिन इम्पॅक्टसारखा एकटा गेम वीस जीबीच्या वर जातो. १२८ घ्या.

प्रश्न : मेमरी कार्ड टाकून गेम त्याच्यावर ठेवले तर चालतील का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मोठे गेम बहुतेक आतल्या स्टोरेजवरच राहतात, आणि एखादा कार्डावर गेला तरी अडकत चालतो. कार्डावर पिक्चर, फोटो, पीडीएफ टाका, आतली जागा गेमला मोकळी होते. फक्त घेण्याआधी खाच आहे का बघा, पॅड ६ ला कार्डाची खाचच नाही, सिमची पण नाही, त्यामुळं एसटीत ऑनलाइन खेळायचं तर फोनचा हॉटस्पॉट चालू ठेवावा लागेल.