मराठीतून हिंदी-इंग्रजीत जाताना फक्त शब्दांचा क्रम बदलला की पुरतं का?

तुम्ही विचारलंय : साताऱ्यातल्या क्लासमध्ये सांगतात की मराठीत कर्ता-कर्म-क्रियापद, इंग्रजीत कर्ता-क्रियापद-कर्म, एवढी अदलाबदल केली की वाक्य तयार. मग तरीही चुका का होतात, आणि दर भाषेत क्रियापद वेगळं का वागतं?

पुरत नाही. क्रम हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. हिंदीत आणि कानडीत तर क्रियापद मराठीसारखंच शेवटी येतं. क्रमावरच सगळं अवलंबून असतं तर सांगली-मिरजेच्या पोरांची हिंदी बिनचूक असायला हवी होती.

प्रत्येक क्रियापद तीन गोष्टी ठरवून येतं : त्याच्याबरोबर कोण कोण लागतं, त्यातल्या कोणाला कुठला प्रत्यय लागतो, आणि ते स्वतः कोणाच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलतं. यातलं काहीही नुसत्या अर्थावरून हमखास ओळखता येत नाही. घाबरणं घ्या. वाघ तोच, भीती तीच. मराठीत ‘तो वाघाला घाबरतो’. हिंदीत ‘वह बाघ से डरता है’. संस्कृतात ‘व्याघ्रात् बिभेति’, म्हणजे पंचमी. पाणिनीने त्यासाठी वेगळं सूत्रच दिलंय. कानडीत ‘हुलिगे हेदरुत्ताने’, तिथला ‘गे’ आपल्या ‘ला’च्या जागी. म्हणजे इथं मराठी हिंदीच्या नाही, कानडीच्या पंगतीत बसते.

आता हिंदीचं. सांगलीतल्या एका हिंदीच्या सरांशी माझा जुना वाद आहे. ‘मैं आम खाया’ हा निष्काळजीपणा, असं ते म्हणतात आणि दहा वेळा लिहायला लावतात. पण ही चूक कुठं होते ते बघा. ‘रामाने चिंच खाल्ली’, ‘राम ने इमली खाई’ : दोन्हीकडं ने, दोन्हीकडं क्रियापद चिंचेप्रमाणे. इथं पोरं अडखळत नाहीत. मराठीत मी, तू, आम्ही, तुम्ही यांना भूतकाळात ने लागत नाही, क्रियापद मात्र तरीही कर्माप्रमाणेच बदलतं : मी आंबा खाल्ला, मी चिंच खाल्ली. हिंदीत तिथंही ने हवाच. त्यामुळं चूक नेमकी ‘मैं’ आणि ‘तुम’वर पडते, ‘उसने’वर नाही. निष्काळजीपणा असा जागा बघून येत नाही.

दुसरी जागा अपवादांची. सकर्मक असूनही काही क्रियापदं ने घेत नाहीत, आणि दोन भाषांची ही यादी एक नाही. पिणे : तो पाणी प्याला, पण ‘उसने पानी पिया’. शिकणे : ती पोहायला शिकली, पण ‘उसने तैरना सीखा’. आणणे बरोबर उलटं : त्याने पुस्तक आणलं, पण ‘वह किताब लाया’. म्हणून ‘वह पानी पिया’ आणि ‘उसने किताब लाई’ या चुका एकाच वहीत सापडतात. विसरणे दोन्हीकडं ‘ने’शिवाय (तो नाव विसरला, वह नाम भूल गया), तिथं कोणी चुकत नाही.

तिसरी जागा ‘ला’ची. भेटणे, विचारणे, सांगणे या तिन्हींना मराठीत ला चालतो. हिंदीत ‘उससे मिला’, ‘उससे पूछा’. सांगण्यासाठी ‘कहना’ घेतलं तर ‘उससे’, ‘बताना’ घेतलं तर ‘उसे’. मराठीचा ला कर्मालाही लागतो आणि ज्याला द्यायचं त्यालाही, त्यामुळं आपल्याला हा फरक जाणवतच नाही. इंग्रजीतलं ‘एक्सप्लेन मी’ इथूनच येतं. ‘टेल मी’ चालतं, ‘एक्सप्लेन’ला मात्र ‘टू मी’ लागतं.

सांगली जिल्ह्यातल्या जत भागात, कानडी बोलणाऱ्या घरांत, हेच उलट्या दिशेनं घडतं. कानडीत क्रियापद भूतकाळातही कर्त्याप्रमाणेच चालतं : नानु तिंदे (मी खाल्लं), अवळु तिंदळु (तिनं खाल्लं). त्या घरातलं मूल मराठीत ‘मी भाकरी खाल्लो’ म्हणालं तर ते कानडीच्या नियमानं शुद्ध बोलतंय.

‘मला आवडतं’, ‘मला राग आला’ अशा वाक्यांवर शाळेत फार घाईनं उत्तर देतात की कर्ता राग. क्रियापद रागाप्रमाणे चालतं हे खरं. पण ‘बातमी ऐकून त्याला राग आला’ यात बातमी ऐकली कोणी? रागानं नाही. ‘रामाला आपला भाऊ आवडत नाही’ यात आपला म्हणजे रामाचा. कर्तेपणाची कामं इथं दोघांत वाटली गेलीत. इंग्रजीतलं ‘लाइक’ ती सगळी एकाला देतं, म्हणून नुसता क्रम बदलून तिथं पोचता येत नाही.

‘का’चं उत्तर थोडक्यात : हिंदी-मराठीचा भूतकाळ संस्कृतातल्या ‘रामेण फलं खादितम्’ या धाटणीतून आलाय. तिथं करणारा तृतीयेत आणि क्रियापदाचं रूप फळाप्रमाणे. पुढं प्रत्येक भाषेनं आपापली डागडुजी केली. ‘रामाने मुलीला पाहिलं’ म्हणताना आपण क्रियापद नपुंसकात सोडून देतो. गुजराती तिथंही मुलीप्रमाणे ‘जोई’ करते.

करायचं काय? शब्द-अर्थाची दोन रकान्यांची वही बंद करा. चार रकाने आखा : क्रियापद, करणाऱ्याला काय लागतं, दुसऱ्याला काय लागतं, भूतकाळात कोणाप्रमाणे बदलतं. प्रत्येकाखाली दोन वाक्यं लिहा, एक ‘मी’चं आणि एक ‘तो’चं. दोन्ही भूतकाळी, आणि कर्म मुद्दाम स्त्रीलिंगी. वर्तमानकाळात लिहिलंत तर हिंदीतल्या ने-च्या चुका दिसणारच नाहीत. सुरुवातीला खाणे, पिणे, आणणे, देणे, सांगणे, विचारणे, भेटणे, घाबरणे, शिकणे, विसरणे, आवडणे एवढी पुरेत. ‘असणे’ला वेगळं पान द्या, कारण ‘मला दोन भाऊ आहेत’ हिंदीत ‘मेरे दो भाई हैं’ होतं, ‘माझ्याकडे पैसे आहेत’ होतं ‘मेरे पास’, आणि ‘मला ताप आहे’ मात्र ‘मुझे बुखार है’. इंग्रजीत तिन्हीला ‘आय हॅव’. आणि क्लासमधल्या सरांनी एखादं वाक्य दहा वेळा लिहायला लावलं तर आधी विचारा, कुठल्या रकान्यात चुकलं?

हे सगळं लिखाणाबद्दल आणि परीक्षेबद्दल. मुंबईच्या हिंदीत ‘उसको पूछा’ सर्रास चालतं, त्यावरून कोणाला टोकू नका. कानडीची रूपंही मी पुस्तकी दिली आहेत. उत्तर कर्नाटकातल्या बोलीत ‘ननगे’ (म्हणजे ‘मला’) याऐवजी ‘ननग’ कानावर पडेल.