निळ्या टिक्स दिसतात, पण उत्तर नाही. पुन्हा विचारावं का?

तुम्ही लिहिलंय की जवळच्या मैत्रिणीला एका महत्त्वाच्या गोष्टीबद्दल मेसेज केला, निळ्या टिक्स आल्या, तीन दिवस झाले तरी उत्तर नाही. पुन्हा विचारलं तर मागे लागल्यासारखं दिसेल का, आणि तुम्ही वाईट वाटून घेताय हे चूक आहे का?

विचारा, नक्की विचारा. वाईट वाटणंही साहजिक आहे. फक्त त्या निळ्या खुणेवरून तिच्या मनात काय चाललंय हे ठरवू नका.

व्हॉट्सॲपने या निळ्या टिक्स नोव्हेंबर २०१४ मध्ये आणल्या. लोक इतके वैतागले की थोड्याच दिवसांत त्या बंद करायची सोयही द्यावी लागली. त्यांचा अर्थ एवढाच, की तुमचं चॅट उघडलं गेलं. घाईत उघडलं की निवांत, हे त्यातून कळत नाही. उलट नोटिफिकेशनमध्ये अख्खा मेसेज वाचला, तरी टिक्स करड्याच राहतात. ग्रुपमध्ये तर सगळ्यांनी वाचल्याशिवाय त्या निळ्या होतच नाहीत, त्यामुळे तिथेही उगाच गैरसमज होतात.

आता दुसरी बाजू सांगते, कारण मी ती वागले आहे. एका मैत्रिणीने मला लांबलचक मेसेज केला होता. नोकरी सोडावी का, असं विचारलं होतं. मी तो लिफ्टमध्ये उभ्या उभ्या वाचला आणि मनात म्हटलं, हिला दोन ओळीत उत्तर द्यायचं नाही, रात्री शांतपणे लिहू. रात्री दमले होते. दुसऱ्या दिवशी वाटलं, आता उशीर झालाय तर अजून नीट लिहायला हवं. असे अकरा दिवस गेले. त्या अकरा दिवसांत ‘हो’, ‘ठीक’, ‘पोचले’ अशी कितीतरी उत्तरं मी मिनिटाभरात पाठवली. राहिलं ते हेच, ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी होती.

शेवटी मीच फोन केला. ती म्हणाली, ‘तुला माझा विचार पटला नाही, असंच धरून चालले होते. माझाच मेसेज मी परत परत वाचत होते, आपण काय चुकीचं लिहिलं ते शोधत.’ ते ऐकून मला फार लागलं. मी तिच्यासाठी वेळ राखून ठेवतेय असं मला वाटत होतं, आणि तिकडे ती स्वतःला दोष देत होती.

तेव्हापासून मी एक करते. लगेच लिहिणं जमणार नसेल तर ‘वाचलं गं, रविवारी सविस्तर लिहिते’ एवढं तरी पाठवते. आणि रविवारी लिहिते, कारण नाहीतर त्या ओळीला काही अर्थ राहत नाही. चॅटवर ‘न वाचलेलं’ अशी खूण करून ठेवते म्हणजे विसरत नाही. त्याने समोरच्याच्या निळ्या टिक्स जात नाहीत, खूण फक्त आपल्यासाठी असते.

पुन्हा विचारताना नुसतं प्रश्नचिन्ह पाठवू नका. ‘पाहिलंस ना?’ असंही नको. दोन्हींतून आधी तक्रारच ऐकू येते आणि समोरचा माणूस उत्तराऐवजी सबबी लिहायला लागतो. तुमचा पहिला मेसेज लांब असेल, तर त्यातला मुख्य प्रश्न एका ओळीत परत लिहा आणि उत्तर कधीपर्यंत हवंय ते स्पष्ट सांगा. ‘मला शुक्रवारी कळवायचंय, त्याआधी तुझं मत हवं होतं. लिहायला वेळ नसेल तर दहा मिनिटं फोन करू का?’ यात मागे लागण्यासारखं काहीच नाही. उलट तिचं काम सोपं होतं, कारण मोठं उत्तर लिहिण्याचं ओझं उतरतं.

एवढं करूनही ती गप्प राहिली, तर मग फोन करा आणि आधी तिची चौकशी करा, तुमचा प्रश्न नंतर. पण ते पुढचं झालं. आज संध्याकाळी ती एक ओळ पाठवा.