चौल-रेवदंडा पायी पाहताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : चौल-रेवदंड्याचे जुने शहर पायी हिंडून त्याची छायाचित्रे घ्यावीत, अशी माझी पुष्कळ दिवसांची इच्छा होती. गेल्या महिन्यात अलिबागहून एस.टी.ने रेवदंड्याला गेलो, सातखणी मनोरा आणि किनारा पाहून दोन तासांत परतलो. घरी येऊन फोटो पाहिले, तर ते कुठल्याही पडक्या किल्ल्याचे असावेत असे वाटले. शहर म्हणून त्यांत काहीच दिसत नाही. माझे काय चुकले? — एक वाचक, पेण

उत्तर : आपण अवशेष पाहिलेत, परंतु वाड्यांत गेला नाहीत, एवढेच झाले. तिथले शहर नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये मुरलेले आहे. ते कसे मुरले हे ध्यानात घेतले, म्हणजे कॅमेरा कुठे रोखायचा हे आपोआप कळू लागते.

मुळात ही दोन शहरे आहेत. कान्हेरीच्या शिलालेखांत ‘चेमुल’ म्हणून ज्याचा उल्लेख येतो ते प्राचीन बंदर, म्हणजे वरचे चौल, थोडे आत आहे; आणि कुंडलिकेच्या मुखाशी, तटबंदीच्या आत, पोर्तुगिजांनी वसवलेले खालचे चौल, म्हणजे आजचा रेवदंडा. रशियातील त्वेरचा व्यापारी अफनासी निकितिन 1469च्या सुमारास चौलला उतरला, तेव्हा पोर्तुगीज यायचे होते. त्याचे स्मारक मात्र आज रेवदंड्यात आहे. पोर्तुगिजांनी अहमदनगरच्या निजामशहाच्या परवानगीने 1521 मध्ये येथे किल्ल्याचे काम सुरू केले. त्याच निजामशाहीने 1570-71 मध्ये या शहराला मोठा वेढा घातला, तो पोर्तुगिजांनी परतवला, आणि अखेर 1740 मध्ये हा मुलूख मराठ्यांकडे आला. तोवर व्यापाराचा ओघ मुंबईकडे वळू लागला होता. माणसे पांगली, छपरे बसली, आणि भिंतींमधल्या मोकळ्या जमिनीत लोकांनी माड आणि पोफळी लावल्या. तेव्हापासून येथील भूगोल वाड्यांचा आहे आणि त्यांच्यामधून मधूनच एखादी कमान किंवा चर्चची भिंत डोके वर काढते.

म्हणून पहिला तास कॅमेरा पिशवीतच ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन. मोटाररस्ता जिथे तट फोडून आत शिरतो तिथून चालायला लागावे आणि तट उजवीकडे किंवा डावीकडे, पण नजरेच्या टप्प्यात ठेवून जमेल तितके फिरावे. तटातल्या दगडांकडे जवळून पाहावे. काळ्या पाषाणाच्या चिऱ्यांमध्ये चुन्याने भरलेले सांधे दिसतात, आणि ज्या ठिकाणी उंबराचे किंवा पिंपळाचे मूळ शिरले आहे तिथे दोन चिरे हळूहळू कसे विलग होत जातात हे हाताच्या अंतरावरून दिसते. मूळ जिथे दगडाला टेकते तिथे ते चपटे झालेले असते. असे एकच चांगले छायाचित्र दहा दूरच्या चित्रांहून अधिक सांगून जाते. दुसऱ्या तासापासून वस्ती आणि अवशेष जिथे एकमेकांना टेकलेले आहेत त्या जागा शोधाव्यात. जुन्या भिंतीला टेकवलेली शिडी, पडक्या कमानीच्या सावलीत रचलेल्या झावळ्या, अंगणात वाळत घातलेली सुपारी आणि तिच्यामागे उभा चारशे वर्षांचा दगड, अशा चौकटीत शहर सापडते.

दुपार उतरू लागली की वरच्या चौलकडे निघावे. रामेश्वराचे देऊळ आणि त्याच्या पुढची पुष्करिणी, हमामखाना, राजकोटाचे अवशेष हे सारे एकमेकांपासून चालत जाण्याजोगे आहे. रामेश्वराच्या देवळात अग्नी, वायू आणि पर्जन्य अशी तीन कुंडे असून, पाऊस ओढ देई तेव्हा पर्जन्यकुंड उघडण्याची येथील प्रथा प्रसिद्ध आहे. शक्य असल्यास दत्ताच्या डोंगराच्या पायऱ्या चढून जावे. वरून आपल्याला शहर दिसणार नाही, समुद्रापर्यंत पसरलेली हिरवी झाडीच दिसेल. ते छायाचित्र अवश्य घ्यावे, कारण चौलचे काय झाले हे त्याच्याइतके स्पष्ट दुसरे कोणतेही चित्र दाखवू शकत नाही.

प्रश्न : माझ्याकडे मोबाइलचाच कॅमेरा आहे. सातखणीचा मनोरा मागे कलल्यासारखा येतो, आणि वाडीत काढलेल्या फोटोंत काही भाग पांढरा फटक तर बाकीचा काळा पडतो. यावर काही उपाय आहे काय? — एक वाचक, रोहा

उत्तर : मनोरा जवळून पाहताना आपण मोबाइल वर झुकवता, म्हणून त्याच्या कडा वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात. हा मनोरा फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चचा. सात मजल्यांचा म्हणून तो ‘सातखणी’. आज वरचे मजले ढासळलेले असले तरी तो आसपासच्या माडांच्या बरोबरीने उभा आहे. जमेल तेवढे मागे जावे, मोबाइल अगदी उभा धरावा, मनोरा चौकटीच्या वरच्या अर्ध्यात येऊ द्यावा आणि खालची जादा जमीन नंतर कापून टाकावी. मागे जायला जागा नसेल, तर पूर्ण मनोऱ्याचा हट्ट सोडून एकाच खणाची रिकामी खिडकी आणि तिच्यातून दिसणारे आकाश घ्यावे.

पोफळीच्या वाडीतला उजेड मात्र खरोखरच अवघड असतो. भर दुपारी उन्हाचे कवडसे आणि सावली यांतला फरक कोणत्याही कॅमेऱ्याला पेलत नाही. पडद्यावर कवडशावर बोट टेकवून उजेड कमी करावा. सावल्या गडद राहिल्या तरी चालतील, पांढरा पडलेला कवडसा मात्र पुन्हा मिळत नाही. त्याहून बरे म्हणजे ढगाळ दिवशी किंवा सकाळी लवकर वाडीत जावे, आणि उन्हाची वेळ तटासाठी राखावी. खाऱ्या हवेने भिंगावर पातळ थर बसतो, त्यासाठी सुती फडके खिशात असू द्यावे.

प्रश्न : एका पडक्या भिंतीचे चित्र घेण्यासाठी गडगा ओलांडून आत गेलो, तर मालकांनी रागावून बाहेर काढले. जुनी वास्तू ही सर्वांचीच नाही का? — एक वाचक, पनवेल

उत्तर : वास्तू सर्वांची असली, तरी तिच्याभोवतीची पोफळ त्या घराची आहे, आणि वर्षाचे उत्पन्न त्या झाडांवर आहे. मालकांचे रागावणे मला रास्त वाटते. मी स्वतः पूर्वी एकदा असाच कुंपणाच्या फटीतून आत शिरलो होतो. विहिरीवर धुणे धूत असलेल्या आजींनी कोणाकडे आलात म्हणून विचारले, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. क्षमा मागून मी मागे फिरलो, तर त्यांनीच थांबवले आणि ज्या दगडावर त्या कपडे आपटत होत्या तो दाखवला. त्याच्या एका कडेला वेलबुट्टीचे कोरीव काम होते, साबणाच्या पाण्याने झिजून गुळगुळीत झालेले. त्या दगडाचे चित्र मी आजींना विचारून घेतले आणि पुढच्या फेरीला त्याची छापील प्रत त्यांना नेऊन दिली. रस्त्यावरून हाक मारावी, आत यायला विचारावे, ‘नको’ म्हटले तर मुकाट्याने पुढे जावे. रेवदंड्यातील बेथ एल सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनामंदिर, पाहायचे असेल तर शनिवार टाळावा. कोकणातल्या ज्यूंचा, म्हणजे बेने इस्राएल समाजाचा, तो विश्रांतीचा आणि प्रार्थनेचा दिवस. त्यांचा धंदा तेल गाळण्याचा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून कोकणात त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. संरक्षित वास्तूंपाशी तिपाई लावायची किंवा ड्रोन उडवायचे, तर आधी रीतसर परवानगी घ्यावी.

प्रश्न : समुद्राकडच्या तटाचे चित्र घेण्यास कोणता दिवस आणि कोणती वेळ निवडावी? — एक वाचिका, मुरूड

उत्तर : नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात सूर्य दक्षिणेकडे सरकलेला असतो, त्यामुळे पश्चिमेकडच्या तटावर संध्याकाळचे ऊन तिरपे पडते आणि दगडान्‌दगड उठून दिसतो. त्यासोबत तिथी पाहावी. आपल्याकडे तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, हा दर्यावर्दींचा जुना हिशेब आपल्यालाही ठाऊक असेल. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, म्हणजे नेमक्या उजेडाच्या वेळी पाणी वर आलेले. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास, म्हणून संध्याकाळी सहाच्या सुमारास ओहोटी, आणि उधाणाचे दिवस असल्याने पाणीही नेहमीपेक्षा बरेच मागे हटलेले. तेव्हा ओल्या वाळूवर तटाचे प्रतिबिंब मिळते, आणि खाडीपलीकडचा कोर्लईचा किल्लाही चौकटीत घेता येतो. पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या दिवशी साडेचारलाच किनाऱ्यावर पोहोचावे, आणि अंधार पडण्यापूर्वी वाडीतल्या वाटेने रस्त्याला लागावे. त्या वाटांवर दिवे नसतात आणि झावळ केव्हा खाली येईल याचा नेम नसतो.