पालकाचा रंग राहिला, सत्त्व कुठे गेलं?

प्रश्न : पालक चिरून अर्धा तास मिठाच्या पाण्यात ठेवते. मग चिमूटभर सोडा घालून उकडते आणि पाणी ओतून देते. भाजी हिरवीगार दिसते, पण त्यात जीवनसत्त्वं उरतात का?

उत्तर : क जीवनसत्त्व आणि फोलेट (ब गटातलं एक जीवनसत्त्व) बरंचसं ओतलं जातं. दोन्ही पाण्यात विरघळतात आणि चिरलेल्या पानातून भराभर बाहेर पडतात. म्हणून पालक निवडून अख्खाच धुवा. मोठ्या पातेल्यात बुडवून वर उचलायचा, असं दोन-तीनदा. माती तळाशी राहते. चाळणीत निथळू द्या आणि चिरा अगदी शेवटी. सोडा मात्र बंदच करा. त्याने रंग राहतो, पण क आणि ब-१ जीवनसत्त्वांचा नाश होतो, शिवाय पानं गिळगिळीत होतात.

उकडायचाच असेल तर पाव किलोला अर्धी वाटी पाणी पुरे. ते खळखळ उकळलं की पालक मुठी-मुठीने टाका, झाका, तीन मिनिटांत उतरवा. गार पाण्यात घालून तापवू नका. पानातलंच एक विकर (एन्झाइम) क जीवनसत्त्व नासवतं. कोमट पाण्यात त्याला जोर येतो, उकळत्यात ते लगेच निकामी होतं. उरलेलं पाणी आमटीत किंवा कणकेत जाऊ द्या. ऑक्झलेटचे (पालकात भरपूर असणाऱ्या एका क्षाराचे) मुतखडे ज्यांना होत असतील त्यांनी मात्र ते ओतूनच द्यावं, कारण ऑक्झलेटही त्यातच उतरतं.

प्रश्न : गवार, फ्लॉवर झाकून शिजवावं की उघडं?

उत्तर : झाकून, मंद आचेवर, वर पाण्याची ताटली ठेवून. वाफेचे थेंब भाजीतच परततात. तळाला लागेलसं वाटलं तर ताटलीतलं गरम पाणी दोन चमचे घाला. सारखं उघडून हलवू नका. आमसुलाच्या आंबटपणाने क जीवनसत्त्व टिकायला मदत होते, पण गवार मऊ झाल्यावरच ते घाला, नाहीतर ती चिवट राहते. तांबड्या भोपळ्याची, गाजराची एवढी काळजी नको. त्यातलं कॅरोटीन (ज्यापासून शरीरात अ जीवनसत्त्व बनतं) पाण्यात जात नाही. ते अंगी लागायला चमचाभर तेल मात्र हवं.

प्रश्न : सकाळची भाजी रात्री गरम केली तर?

उत्तर : लागेल तेवढीच वाटीत काढून एकदाच गरम करा. कल्हई उडालेलं तांब्या-पितळेचं पातेलं नको, तांब्याच्या स्पर्शाने क जीवनसत्त्व झपाट्याने नासतं. लिंबू आणि कोथिंबीर गॅस बंद केल्यावर, पानात वाढतानाच घाला.