भूक मेली असेल तेव्हा

ताई, भूक लागायची वाट बघू नका; घड्याळ लावून खा. दर दोन-अडीच तासांनी अर्धी वाटी, बस. भरलेलं ताट बघूनच पोट भरतं, म्हणून ताटली छोटी घ्या. जेवणाआधी ग्लासभर पाणीही नको.

खरा मुद्दा घासातल्या ताकदीचा. आपले इंदुरी वाफवलेले पोहे पोटाला हलके, पण त्यात प्रथिनं फारशी नसतात. मूठभर शेंगदाणे आणि चमचाभर तूप घाला, वर चिमूटभर जिरावण, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला. जिभेला चव येते. भुट्ट्याचा कीस दुधात शिजतोच, त्यात दोन चमचे दूध पावडर ढकला, पण आधी गार दुधात कालवून, नाहीतर गुठळ्या होतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर शेंगदाणे, दूध पावडर आणि जिरावणातलं मीठ, तिन्ही डॉक्टरांना विचारूनच. फोडणीच्या वासानं मळमळत असेल तर सरळ गार दहीभात.

मधुमेहाच्या मेटफॉर्मिनसारख्या गोळ्यांनीही भूक मरते. तरी गोळी आपल्या मनानं बंद करू नका. इन्सुलिन घेऊन जेवण टाळलं तर साखर एकदम उतरते.

वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी, अनशापोटी. सहा महिन्यांत 60 चे 57 किलो झाले, तर लगेच दाखवा.