हरत असतानाही जुगार का सुटत नाही? रोजच्या आयुष्यातली आशा याहून वेगळी असते का?

वेगळी असते. मुलाखतीत नापास झालात तर काय कमी पडलं ते कळतं आणि पुढच्या वेळची शक्यता वाढवता येते. जुगारात हरण्यातून शिकण्यासारखं काही हाती लागत नाही.

रूलेट म्हणजे फिरत्या चाकावरची गोळी कुठल्या घरात थांबेल यावर पैसे लावायचा खेळ. एकच शून्य असलेल्या चाकावर 37 घरं असतात, शून्य सोडून बाकीची लाल किंवा काळी. प्रत्येक घरावर एकेक नाणं ठेवलं तर 37 जातात आणि 36 परत येतात. म्हणजे सरासरी 2.7 टक्के तूट, कितीही अभ्यास केला तरी. चाकाला मागची फेरी आठवत नाही. 1913 मध्ये माँटे कार्लोच्या कॅसिनोत सलग 26 वेळा काळा रंग आला. ‘आता लाल येणारच’ म्हणत लोक पैसे लावत गेले आणि बुडाले.

खरी मेख तोट्यात आहे. कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये मांडलं की नुकसान तेवढ्याच फायद्यापेक्षा जास्त बोचतं आणि तोट्यात असलेला माणूस सावध होण्याऐवजी जास्त धोका पत्करतो. म्हणूनच ‘बरोबरीत आलो की थांबतो’ हा विचार सर्वांत घातक. त्यात थोडक्यात हुकलेला डाव हरलेलाच असतो, पण ‘जवळ आलो होतो’ असं वाटून हात पुन्हा खिशाकडे जातो.

लावलेली आणि परत मिळालेली प्रत्येक रक्कम लिहून ठेवा. नुसत्या आठवणीवरून खरा हिशोब कळत नाही. हरल्यावर रक्कम वाढवू नका. उसनवारी किंवा लपवाछपवी सुरू झाली असेल तर नुसत्या निश्चयावर विसंबू नका, समुपदेशकाकडे जा. विचार आणि सवयी बदलण्याच्या उपचारांचा यात चांगला उपयोग होतो.