फिजिशियन असिस्टंट म्हणून रुजू होतोयस ना?

पहिल्याच आठवड्यात कुणी आजोबा विचारणार, ‘तू डॉक्टर की कंपाउंडर?’ चिडू नकोस. ‘डॉक्टरांच्या हाताखाली काम करतो’ एवढं सांग आणि नाडी बघायला लाग.

आपला पेशा तसा नवाच. १९६५ साली अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलातून आलेल्या चार वैद्यकीय सहायकांना घेऊन पहिला वर्ग काढला. डॉक्टर कमी होते, हे हात तयार होते. भारतात सुरुवात चेन्नईत, १९९२ साली, हृदयशस्त्रक्रियेच्या निमित्ताने. आरोग्यसेवेतल्या सहायक पेशांसाठीच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्यातही आपला पेशा आहे, हे घरच्यांना सांगून टाक.

कोकणात खरी परीक्षा पावसाळ्यात. लावणीच्या दिवसांत तापाचा माणूस आला की पोटऱ्या दाबून बघ, डोळे लाल आहेत का बघ, लघवी कितपत होते आणि चिखलात उतरला होता का ते विचार. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून चिखलपाण्यात येणारा ताप) संशय रिपोर्टची वाट न बघता डॉक्टरांच्या कानावर घालायचा.

फुरसं चावलेला आला तर आधी डॉक्टरांना हाक. मग २ मिली रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत (प्लास्टिकची चालत नाही) आणि २० मिनिटं तिला अजिबात हलवायचं नाही. नातेवाईक मध्येच ‘झालं का?’ करतात, करू देत. नंतर एकदाच तिरकी कर. रक्त पातळच राहिलं असेल तर विष भिनलंय. दरम्यान किती वाजता चावलं, पाला काय लावला, हे न ओरडता विचारून घे.

आणि औषधाच्या चिठ्ठीवर आपली सही नाही, शेजारच्या काकूंसाठीसुद्धा नाही.